बंद खाणीचा चालू हिशेब

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या काही सायकलप्रेमी मंडळींनी एक बैठक बोलावली होती. आम्ही भोर आणि वेल्हे तालुक्यांत काम करतो म्हणून आमच्यातल्या दोघांना 'स्थानिक प्रतिनिधी' म्हणून निरोप आला. पडद्यावर एका बंद दगडखाणीचा फोटो लावला होता. उभा तासलेला काळा कडा, तळाशी हिरवट पाणी, एका बाजूला उरलेल्या खडीचा ढीग आणि त्यावर माजलेली घाणेरी. त्या फोटोवर निळ्या, लाल, काळ्या रेघा ओढल्या होत्या. निळी वाट नवशिक्यांची, लाल सरावलेल्यांची, काळी पट्टीच्या खेळाडूंची. इथे वळण, इथे उडी, इथे पाहुण्यांसाठी तंबू. वर मथळा होता, 'पडीक जागेला नवे जीवन'. चहाच्या वेळी आमच्यातल्या एकाने सहज विचारले, "या खाणीत दगड कोण फोडत होते?" समोरून तितक्याच सहज उत्तर आले, "ते लोक आता गेले."

हा लेख त्या चार शब्दांवर आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. कल्पना वाईट नाही. माउंटन बायकिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या अरुंद वाटेवरून जाड टायरच्या सायकलीने जाणे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिकमधला खेळ आहे. त्याला चढ लागतो, उतार लागतो, टप्पे लागतात आणि पावसात वाहून न जाणारी जमीन लागते. दगडखाणीत यातले बरेचसे आयते असते. डंपर वर नेण्यासाठी केलेला वळणावळणाचा रस्ता असतो, कडा पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला असेल तर टप्पे असतात, आणि खाली अस्सल काळा पाषाण. वेल्ह्याच्या पावसात मातीच्या पायवाटेचा ओघळ होतो, दगडाची वाट टिकते. शिवाय जिथे डोंगर आधीच फोडला आहे तिथे खेळ नेला तर शाबूत डोंगरावरची झाडी तरी वाचते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याच्या वाटा कशा तुडवल्या जातात ते पाहिलेल्या कुणालाही हा मुद्दा पटेल. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, आम्हीही तेच लिहितो.)

बैठकीहून परतल्यावर आपल्याच पोरांनी आमची फिरकी घेतली. लाखाची सायकल, हजाराचे हातमोजे, हे शहरी सवर्णांचे चोचले, आपला काय संबंध? ही भूमिका ऐकायला कडक वाटते, पण ती पळपुटी आहे. जी जागा आपण 'त्यांची' म्हणून सोडतो ती खरोखरच त्यांची होते. आणि सायकल त्यांची कधीपासून झाली? गावोगाव वस्त्या पिंजून काढणाऱ्या आपल्या जुन्या कार्यकर्त्यांकडे कोणते वाहन होते? १९८३ मध्ये कांशीराम यांच्या डीएस-फोरने सात राज्यांतून सायकल यात्रा काढली तेव्हा दोन पाय आणि दोन चाके एवढ्या भांडवलावर देशाचे राजकारण हलवता येते, हे दाखवून दिले. हेच कांशीराम पुण्यात स्फोटकांच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. आंबेडकर जयंतीच्या सुट्टीसाठी तिथे दीनाभाना उभे राहिले आणि तिथूनच कांशीराम चळवळीकडे वळले. तेव्हा सायकलीवर आमचा राग नाही. आमच्या पोरींनी आणि पोरांनी त्या काळ्या रेघेवरून उतरावे, पडावे, पुन्हा चढावे, असे आम्हाला मनापासून वाटते. आमचे भांडण 'गेले' या क्रियापदाशी आहे.

कोण गेले?

महाराष्ट्रातल्या दगडाच्या कामाचा इतिहास म्हणजे वडार समाजाचा इतिहास. गाडी वडार दगड वाहणारे, माती वडार मातीकाम करणारे, जाते वडार जाती-पाटे-वरवंटे घडवणारे. रेल्वेचे भराव, धरणांच्या भिंती, घाटातले कठडे, गावची विहीर, सगळ्याला त्यांचा हात लागलेला. त्यांच्याबरोबर आपल्या वस्त्यांतले लोक, मातंग, आणि आता परराज्यांतून आलेले मजूर. खाणीतले काम अंगमेहनतीचे आहे असे म्हणून भागत नाही, ते कसे चालते ते माहीत असले पाहिजे. सुरुंगाने सुटलेला मोठा धोंडा घणाने फोडून डबर करायचा, डबर क्रशरला द्यायचा, त्याची खडी आणि कपची होते, आणि खाली जी भुकटी उडते ती क्रशरजवळ उभ्या असलेल्या बाईच्या छातीत जाते. हातफोडीच्या कामात मजुरी दिवसावर नसते, ब्रासवर असते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. नवरा फोडतो, बायको भरते, पोर वेचते, आणि वहीत नाव एकाचेच. उचल घेतलेली असते ती फिटेपर्यंत खाण सोडता येत नाही. खाण संपली की मुकादम सांगेल त्या खाणीवर जायचे. याला 'गेले' म्हणत नाहीत, हलवले म्हणतात.

मग ते कागदावर का सापडत नाहीत? इथे कायद्याची गंमत पाहा. १९५२ च्या खाण कायद्याने (तो आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे) खाणकामगारांना तास, सुट्टी, सुरक्षा, आजारांची नोंद असे बरेच काही दिले. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक सूट होती. इमारतीचा दगड, रस्त्याची खडी, मुरूम अशा मालाची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, माणसे पन्नासच्या वर नसतील आणि स्फोटके वापरली नसतील, तर बहुतेक तरतुदी लागूच होत नाहीत. म्हणजे घणाने दगड फोडणाऱ्या कुटुंबासाठी कायद्याचे दार निम्मे बंदच. आणि जी खाण सहा मीटरखाली गेली, जिथे सुरुंग उडाले, तिथे कायदा लागू होता हे तिथल्या मजुराला कुणी सांगितले? आम्ही वस्त्यांत विचारत फिरलो तेव्हा हजेरीकार्ड पाहिलेला एकही माणूस आम्हाला भेटला नाही.

जातीचा कागदही असाच. वडार महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. सीमा ओलांडून कर्नाटकात गेलात की तोच समाज भोवी, वड्डर या नावांनी अनुसूचित जातींत आहे. घण तोच, दगड तोच, लग्नसंबंधही सीमेच्या अलीकडे-पलीकडे. पण इकडे त्याला कुणी जातीवरून शिवी दिली, मारले, हाकलले, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्याच्या मदतीला येत नाही. महाराष्ट्रातल्या वडाराला पडलेला दगड आणि कर्नाटकातल्या वड्डराला पडलेला दगड यांचे वजन राज्य वेगवेगळे मोजते.

आणि मित्रांनो, आता थोडे आपल्याकडे वळू. भोर-वेल्ह्यात आम्ही जयंतीची वर्गणी काढतो तेव्हा आमच्या यादीत बौद्धवाड्या असतात, कधी मातंगवस्ती असते. खाणीवरच्या पालांचा त्या यादीत कधी समावेश होता? आम्ही आमची गेल्या काही वर्षांची वही उघडून पाहिली. नव्हता. बैठकीतल्या त्या गृहस्थांना 'ते लोक गेले' असे वाटले, आम्हाला तर ते आले होते हेही नोंदवावेसे वाटले नव्हते. शहरी माणसावर आवाज चढवण्याआधी ही लाज गिळावी लागली, म्हणून लिहून ठेवतो.

भोरमध्ये आज जे कागदावर आहे ते पुण्यात घडून गेलेले आहे. वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठते, पक्षी येतात, सकाळी फिरायला, धावायला, सायकली घेऊन लोक येतात. टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, ते योग्यच केले. रस्ता आणि बोगद्यांपासून टेकडी वाचलीच पाहिजे. पण टेकडीच्या त्या प्रेमात खाण हा निसर्गाचाच एक नमुना होऊन बसला आहे, जणू तो खड्डा पावसानेच पाडला. आणि टेकडीखाली, गोखलेनगरच्या बाजूला, एक वस्ती आहे. तिचे नाव वडारवाडी. पुणे शहर बांधण्यासाठी दगड फोडणाऱ्यांचा पत्ता सांगायला दुसरा पुरावा कशाला हवा? टेकडीवरच्या माहितीफलकांवर पक्ष्यांची नावे असावीत, झाडांची असावीत. फोडणाऱ्या माणसांचे नाव कुठे असावे, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात मोठी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पुणे ग्रँड टूर. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, परदेशी खेळाडू, हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण. त्यासाठी रस्ते गुळगुळीत करण्यात आले. गावाकडच्या लोकांनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, खोटे कशाला बोला. पण डांबराच्या खाली काय असते? खडी. ती खडी कुणीतरी फोडली, कुणीतरी क्रशरला घातली, कुणीतरी घमेल्याने पसरली. शर्यतीत कोण पहिला आला हे सेकंदासह नोंदले गेले. नोंद ठेवण्याची अक्कल या देशात आहे, कुणाची ठेवायची ते आधी ठरलेले असते.

'स्थानिकांना रोजगार मिळेल' असे त्या बैठकीत तीन वेळा सांगितले गेले. कोणता रोजगार, असे विचारल्यावर उत्तर मिळाले : पार्किंग, चहा-वडापाव, तंबूंची झाडलोट, सायकली धुणे. हा रोजगार आपल्याला ओळखीचा वाटतो का? वाटलाच पाहिजे, कारण पुण्याला त्याची सव्वाशे वर्षांची सवय आहे. चांभार समाजातला बाळू पालवणकर नावाचा मुलगा पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळी लावायचा. इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायचा. पुढे तो देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज ठरला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण पूना क्लबात त्याच्या हातात कुणी एकदाही बॅट दिली नाही, हे त्याने पुढे आपल्या मुलाला सांगितले. हिंदू संघात आल्यावर चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आणि कर्णधारपद? त्याला कधीच नाही. ते पुढे भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही झगडून, १९२३ मध्ये. (बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव फारसे निघत नाही. तो हिशेब वेगळा, हा वेगळा.)

मैदान एकाने तयार करायचे आणि खेळ दुसऱ्याने खेळायचा, ही पुण्याची जुनी रीत आहे. दगडखाणीच्या बाबतीत तर ती आणखी हास्यास्पद होते. सायकलची चांगली वाट म्हणजे काय असते ते आम्ही जाणकारांकडून समजून घेतले. उताराला दगड उभा रोवायचा, तो हलला नाही पाहिजे. वळणाला बाहेरून बांध हवा, तो चुना-सिमेंटशिवाय दगडात दगड बसवून केलेला टिकतो. पाणी वाटेवरून वाहू न देता आडवे काढून द्यायचे. सुटा धोंडा कोणता आणि पक्का कोणता ते ओळखून मगच त्यावरून उडी ठेवायची. हे सगळे ऐकून आमच्याबरोबर आलेले एक वयस्क वडार मामा हसायला लागले. म्हणाले, "ह्ये शिकवायला पुण्यास्नं माणूस आणणार व्हय?" दगडाच्या अंगावरची रेघ बघून तो कुठून फुटेल ते सांगणारा माणूस, घण मारल्यावर येणाऱ्या आवाजावरून आतली भेग ओळखणारा माणूस, त्याला सायकली धुवायला ठेवणार! वाट आखण्याचे कंत्राट, तिची दरवर्षीची डागडुजी, तिथल्या सुरक्षेची जबाबदारी, हे काम वडार कामगारांच्या सहकारी संस्थेला मिळाले पाहिजे. मदतनीस म्हणून नको, कंत्राटदार म्हणून. आणि त्यांच्या मुलामुलींना सायकल आणि प्रशिक्षण फुकट. एवढे दिले तर आम्ही स्वतः फावडे घेऊन येऊ.

त्या बैठकीत सुरक्षेवरही भरपूर चर्चा झाली. हेल्मेट सक्तीचे, प्रथमोपचाराची पेटी, स्वाराचा विमा. राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरणही नोंदणी आणि सुरक्षा मागते. चांगले आहे. फक्त डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याच कड्याखाली वीस वर्षे काढलेल्या माणसाने ते ऐकताना काय विचार केला असेल, एवढे मनात आले.

आता पैशाचे बोलू, कारण चळवळीत आपण मानापमानावर तासभर बोलतो आणि पैशावर दोन मिनिटे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींना गेले. नुसते कचेरीत बसले नाहीत, खाली खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. आणि जानेवारी १९४४ च्या अखेरीस अध्यादेश निघाला : कोळसा खाण कामगार कल्याण निधी. खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर कर, आणि तो पैसा मजुराचे घर, दवाखाना, पाणी, शिक्षण यासाठी. त्यामागचा विचार लक्षात घ्या. जमिनीतून जे निघाले त्यावर मालकाचा आणि सरकारचा जसा हक्क, तसाच ते काढणाऱ्याचाही हक्क. तो दयेवर सोडायचा नाही, मालाबरोबरच वसूल करायचा.

आज आपल्या जिल्ह्यात याच विचाराचा एक नातू आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या केंद्रीय कायदा दुरुस्तीनंतर ही प्रतिष्ठाने आली. दगड-मुरूम या गौण खनिजांच्या स्वामित्वधनाबरोबरही या प्रतिष्ठानासाठी रक्कम घेतली जाते. ती खाणबाधित लोकांसाठी आहे : पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांना प्राधान्य देऊन. भोर-वेल्ह्यातून वर्षानुवर्षे डंपर भरभरून गेले. त्यातला किती पैसा पालावरच्या पोराच्या शाळेवर खर्च झाला? वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन' संस्थेने पाषाण शाळा चालवल्या, म्हणून तिथली काही पोरे शिकली. ते संस्थेचे काम होते. प्रतिष्ठानाचे काम कुठे आहे? उद्या सायकलच्या वाटेसाठी, स्वागतकमानीसाठी, 'पर्यटन विकास' म्हणून याच निधीला हात घातला गेला, तर तो सरळ चोरीचा प्रकार असेल. आम्ही आधीच सांगून ठेवतो.

बैठकीत परदेशाचे दाखले फार दिले गेले, त्यात वेल्सचा होता. तो आम्हाला आवडला, म्हणून घरी येऊन वाचला. वेल्सच्या डोंगरांत स्लेटच्या खाणी होत्या. आपल्या आई-वडिलांनी ज्या पाटीवर अ-आ-ई गिरवले त्या जातीचा दगड. ब्लायनाउ फेस्टिन्योग नावाच्या गावात जुन्या स्लेट खाणीच्या डोंगरावर २०१२ मध्ये सायकलच्या वाटा सुरू झाल्या, आणि त्या अंतुर स्टिन्योग या गावच्याच सामाजिक संस्थेने उभ्या केल्या. बाहेरच्या मालकाने नव्हे. बैठकीत एवढेच सांगितले गेले. आता जे सांगितले गेले नाही ते ऐका.

त्याच भागात बेथेस्डा गावाजवळ पेनरिनची प्रचंड खाण आहे. तिचे मालक पेनंट घराणे. जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गुलाम राबवून मिळवलेला पैसा त्यांनी या डोंगरात ओतला. पहिले लॉर्ड पेनरिन हे गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या विरोधात पार्लमेंटमध्ये उभे राहणारे गृहस्थ. १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे त्या खाणीतल्या कामगारांनी टाळेबंदी सोसली, घरे फुटली, भावाभावांत वैर आले, आणि ते हरले. खाणी पुढे एकेक बंद पडल्या. मालक गायब झाले, कंपन्या बुडाल्या, पण स्लेटची धूळ माणसांच्या फुप्फुसांत तशीच राहिली. सिलिकोसिस. दावा लावायचा तर कुणावर? कंपनीच उरली नाही. नेमका आपल्या बंद खाणींचा प्रश्न.

मग १९७९ आले. लंडनमध्ये कॅलहॅन यांचे मजूर पक्षाचे अल्पमतातले सरकार अविश्वास ठरावाला सामोरे जात होते. वेल्सच्या प्लाइड कमरी पक्षाचे खासदार किती? तीन. त्या तिघांनी आपल्या मतांची किंमत सांगितली : खाणकामगारांच्या फुप्फुसांची भरपाई, आणि ज्यांचा मालक उरला नाही त्यांना ती सरकारने द्यायची. सरकार २८ मार्चला ३१० विरुद्ध ३११, एका मताने पडले. पण तिघांनी शब्द पाळून सरकारच्या बाजूने मत दिले होते, आणि पार्लमेंट विसर्जित होण्यापूर्वी भरपाईचा कायदा मंजूर झाला.

तीन मते! आपल्याकडे एका पोटनिवडणुकीत, एका जिल्हा परिषद गटात याहून जास्त वजन आपल्या वस्त्या टाकतात. त्याच्या बदल्यात आपण काय मागतो? समाजमंदिराला पेव्हर ब्लॉक, कमान, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात फोटो. कुणी म्हणेल, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात स्लेटइतकी सिलिका नसते. खरे आहे. म्हणून काय, क्रशरखालची बाई खोकत नाही? खाणीवर काम केलेल्या प्रत्येकाची छाती तपासा, एक्स-रे काढा, मग बोला. तपासणीच करायची नाही आणि आजारी कुणी नाही म्हणायचे, हा न्याय आपल्याला चांगला ठाऊक आहे.

वेल्सच्या दाखल्यातला क्रम पाहा. १९७९ मध्ये फुप्फुसांचा हिशेब, २०१२ मध्ये सायकली. मध्ये तेहतीस वर्षे. आमच्याकडे पहिला आकडा गाळून थेट दुसऱ्यावर यायचे चालले आहे. दाखला द्यायचाच तर अख्खा द्या.

जमिनीचा मुद्दा राहिला. बंद खाणीला 'पडीक' म्हटले की ती बेवारस वाटते. भोर-वेल्ह्यात बेवारस जमीन नसते. पूर्वी पंतसचिवांचे संस्थान होते, मग धरणे आली, भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. पाणी खाली गेले, माणसे उठली, उरलेल्या डोंगरउतारावर फार्महाऊसे आली. खाणीखालचा प्रत्येक तुकडा गायरान आहे, वनाचा आहे, खाजगी आहे, की वतनाचा आहे, हे जुने फेरफार काढल्याशिवाय कळत नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, त्या जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरी काय होते ते मुंढव्याच्या वतनाच्या चाळीस एकरांवरून उठलेल्या वादळात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. शहराला खेटून असलेल्या जमिनीवर हे होऊ शकते, तर वेल्ह्यातल्या एखाद्या खाणीचा सातबारा कोण बघतो? आणि गायरान असेल तर मग दुसराच प्रश्न. भूमिहीनांनी गायरान मागितले तेव्हा, १९६४ च्या ६ डिसेंबरपासून, दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर लाखो लोक तुरुंगात गेले. आज त्याच गायरानावरच्या झोपडीला अतिक्रमणाची नोटीस येते. सायकलच्या वाटेला मात्र भाडेकरार मिळणार असेल, तर ज्यांना नोटिसा आल्या त्यांच्यासमोर तो करार ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

शेवटी पाणी. त्या फोटोतले हिरवट पाणी. शहराच्या माणसाला त्यात नजारा दिसला. आसपासच्या पालांसाठी ते धुण्याचे, जनावरांचे, उन्हाळ्यात भांड्यांचे पाणी आहे. ते धोक्याचेही आहे. पुण्याच्या आसपासच्या खाणींत मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, म्हणून कडेला कठडा घालायला आमची ना नाही. पण कठड्याला फाटक लागते, फाटकाला पहारेकरी लागतो, पहारेकऱ्याला कुणाला आत सोडायचे ते सांगून ठेवलेले असते. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. २० मार्च १९२७ तिथलेच. घाटाच्या वरच्या अंगाला राहून, तिकीट नाही म्हणून वस्तीतल्या बाईला पाण्यावरून परत पाठवणारे फाटक आम्ही उभे राहू देणार नाही. पाण्याकडे जाणारी वाट तिकिटाच्या बाहेर राहील, हे आराखड्यात रेघ ओढतानाच लिहून घ्यायचे. निळी, लाल, काळी, तशी एक चौथी रेघ.

आम्ही हे सगळे त्या मंडळींना पत्राने कळवले. त्यांच्यातल्या एका तरुण मुलीचा फोन आला. म्हणाली, मी खाणीवर येऊन बसायला तयार आहे, मला त्या मामांशी बोलायचे आहे. बाकीच्यांकडून अजून काही आलेले नाही. तिला आम्ही बोलावले आहे.

तोवर आपले काम. भोर आणि वेल्हे या दोन्ही तहसील कार्यालयांत आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचे अर्ज द्यायचे आहेत. गेल्या वीस वर्षांत दिलेले खाणपट्टे, गट क्रमांकासह. त्यातले बंद झालेले किती आणि बंद करताना जागा सुरक्षित केल्याचा पंचनामा आहे का. प्रत्येक पट्ट्याचे वसूल स्वामित्वधन. खनिज प्रतिष्ठानाकडे या दोन तालुक्यांतून जमा झालेली रक्कम आणि या दोन तालुक्यांत झालेला खर्च, कामाच्या नावासह. या खाणींतल्या अपघातांची नोंद. एका अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. आणि प्रत्येक गावातल्या दोघांनी पुढच्या रविवारी आपापल्या जवळच्या खाणीवर जाऊन पालांची मोजणी करायची आहे : माणसे किती, मुले शाळेत किती, खोकणारे किती, मूळ गाव कोणते, आणि कोणत्या वर्षी कोणत्या खाणीवर होते. वही कोरी न्या. जुन्या वहीत त्यांच्यासाठी पान नाही.

जय भीम.